लॉग टेबल उघडण्याआधी: आम्ल आणि अल्क द्रावणांचा सामू कसा काढायचा

नागपूरच्या नंदनवनमधल्या माझ्या बारावीच्या बॅचला दरवर्षी एक गणित मी मुद्दाम देतो. हायड्रोक्लोरिक आम्लाचं १०^−८ मोलर द्रावण आहे, सामू काढा. पोरं झटकन वही पुढे करतात: आठ. (सातच्या खाली आम्लधर्मी, सातच्या वर अल्कधर्मी.) मी विचारतो, "आम्ल टाकलं आणि पाणी अल्कधर्मी झालं?" वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, "पण सर, फॉर्म्युला तर बरोबरच लावला न. काहून चुकलं मग?"

फॉर्म्युला खरंच बरोबर असतो. बीकरमध्ये नेमकं काय काय आहे, हे मात्र कुणी पाहिलेलं नसतं. सामूच्या गणितात रसायनशास्त्र आधी येतं: काय विरघळलं, त्यातलं किती फुटलं, आणखी कोण हायड्रोजन आयन देतंय किंवा खातंय. लॉग ही शेवटची दोन मिनिटांची हमाली. मुलांचा सराव नेमका उलटा झालेला असतो, म्हणून हा लेख त्या क्रमाने लिहितो आहे ज्या क्रमाने मी फळ्यावर शिकवतो. बारावीच्या मुलांना तो उपयोगी पडेलच, पण काटोल-नरखेडकडे संत्र्याची बाग असलेल्यांनाही शेवटचा भाग कामाचा वाटेल.

लिहिण्याची पद्धत आधी ठरवून घेऊ. १०^−३ दिसलं की "दहाचा उणे तीन घात" वाचायचं, म्हणजे ०.००१. चौकटी कंसात नाव असेल तर ती त्या पदार्थाची संहती, एका लिटरमागे किती मोल (मोल म्हणजे ग्रॅम भागिले रेणुवस्तुमान); तिचं एकक मोलर. शाळेच्या पुस्तकात आणि शेतात "सामू" म्हणतात, कॉलेजात "पीएच". गोष्ट एकच.

सामू म्हणजे काय मोजतो आपण

१९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसन हे डॅनिश रसायनशास्त्रज्ञ विकरांवर (एन्झाइमवर) काम करत होते. द्रावणातल्या हायड्रोजन आयनांची संहती ०.०००१, ०.०००००१ अशी लिहिताना शून्यं मोजण्यातच वेळ जातो. त्यांनी त्या संख्येचा घातांक उचलला आणि चिन्ह बदललं:

सामू = −लॉग [हायड्रोजन आयन]

[हायड्रोजन आयन] = १०^−३ असेल तर सामू ३. इतकंच. यातून दोन गोष्टी लगेच निघतात आणि त्या अंगवळणी पडायलाच हव्यात. आयन वाढले की सामू घटतो. आणि सामूतला एकाचा फरक म्हणजे आयनांमध्ये दहापट फरक. सामू ३ चं द्रावण सामू ५ पेक्षा शंभरपट जास्त आम्लधर्मी असतं.

संख्या दहाच्या नेमक्या घातात नसेल तर? समजा [हायड्रोजन आयन] = ३ × १०^−३. तेव्हा सामू = ३ − लॉग ३ = ३ − ०.४७७१ = २.५२. कुठलीही संख्या "अ × १०^−न" अशी मांडा, उत्तर "न − लॉग अ". इथे माझी पहिली सक्ती: लॉग टेबल उघडण्याआधी उत्तर कोणत्या दोन पूर्णांकांच्या मध्ये पडणार ते वहीच्या कडेला पेन्सिलने लिहायचं. ३ × १०^−३ ही संख्या १०^−३ पेक्षा मोठी आणि १०^−२ पेक्षा लहान आहे, म्हणजे सामू २ आणि ३ च्या मध्ये. उत्तर ३.४८ आलं तर लॉग वजा करायच्या ऐवजी मिळवला गेला, हे तुमचं तुम्हालाच दिसतं. बोर्डाच्या परीक्षेत लॉग टेबल चालतं, कॅल्क्युलेटर चालत नाही. त्यामुळे ही पेन्सिलची खूण फार मार्क वाचवते.

लॉग २ = ०.३०, लॉग ३ = ०.४८, लॉग ५ = ०.७०, लॉग ७ = ०.८५. हे चार पाठ असले की बाकीचे जोडून येतात. ६ म्हणजे २ गुणिले ३, तर ०.३० + ०.४८ = ०.७८.

उलट दिशाही लागते. सामू ३.४० दिला आणि संहती विचारली, तर १०^−३.४० ला १०^०.६० × १०^−४ असं फोडा. १०^०.६० म्हणजे जवळजवळ ४. उत्तर ४ × १०^−४. इथे अडखळणारी मुलं बरीच आहेत, कारण उणे घातातला अपूर्णांक तसाच टेबलात शोधायला जातात. आधी त्याला अधिक करा, पूर्णांक एकाने खाली ढकला, मग शोधा.

तीव्र आम्लं: सगळं फुटतं

हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लाचा जवळजवळ प्रत्येक रेणू पाण्यात फुटतो. म्हणून आम्लाची मोलॅरिटी तीच हायड्रोजन आयनांची संहती. ०.०१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू २.

प्रयोगशाळेत संहत हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली साधारण १२ मोलर असते. त्यातलं ५ मिलिलिटर घेऊन एकूण आकारमान १ लिटर केलं, तर १२ × ५ ÷ १००० = ०.०६ मोलर. म्हणजे ६ × १०^−२, पेन्सिलचा अंदाज १ ते २, सामू = २ − ०.७८ = १.२२. प्रत्यक्ष करताना बाटलीतलं आम्ल पाण्यात सोडायचं, पाणी आम्लात कधीच नाही. चष्मा आणि हातमोजे घालूनच.

दोन द्रावणं एकत्र केली की सामूंची सरासरी काढायची सवय मुलांच्या हातात इतकी घट्ट बसलेली असते की ती सोडवायला मला दोन तास लागतात. सामू २ आणि सामू ४ चं समान आकारमानाचं आम्ल मिसळलं, तर उत्तर ३ येत नाही. आधी आयन मोजा: ०.०१ आणि ०.०००१, बेरीज ०.०१०१, आकारमान दुप्पट झालं म्हणून अर्धं, ०.००५०५. सामू २.३०. सामू ४ चं द्रावण या मिश्रणात जवळपास साध्या पाण्यासारखंच वागलं. सामू कधीही मिसळत नाहीत, आयन मिसळतात.

गंधकाम्लाला दोन हायड्रोजन आहेत, म्हणून संहती दुप्पट करायची असं सांगितलं जातं. पहिला हायड्रोजन पूर्ण सुटतो हे खरं. दुसरा मात्र अर्धवट सुटतो, त्याचा विचरण स्थिरांक, म्हणजे किती फुटतं ते सांगणारा आकडा, सुमारे ०.०१२ आहे. ०.०१ मोलर गंधकाम्लाला सरळ दुप्पट केलं तर सामू १.७० येतो. नीट मांडलं, म्हणजे दुसऱ्या टप्प्यात क्ष इतके आयन सुटले असं धरलं, तर

(०.०१ + क्ष) × क्ष ÷ (०.०१ − क्ष) = ०.०१२

हे वर्गसमीकरण सोडवलं की क्ष = ०.००४५ येतं. एकूण आयन ०.०१४५, सामू १.८४. पेपरात "पूर्ण विचरण होते असे समजा" लिहिलं असेल तर दुप्पट करा आणि पुढे जा. पण सामू मोजणाऱ्या मीटरवर १.७० दिसला नाही म्हणून मीटरला दोष देऊ नका.

बॅटरीच्या दुकानात मिळणारं गंधकाम्ल ४.८ मोलरच्या आसपास असतं. असल्या दाट द्रावणांना हा साधा हिशोब लावूच नये. उत्तर शून्याच्या खाली जातं, आणि आयन इतक्या गर्दीत स्वतंत्र वागत नाहीत.

अल्क: एक वळसा जास्त

अल्काच्या द्रावणात आपल्याला हायड्रॉक्साइड आयन ठाऊक असतात, हायड्रोजन आयन नाही. दोघांना बांधणारी गोष्ट पाणी स्वतः आहे. २५ अंश सेल्सिअसला दोघांच्या संहतींचा गुणाकार १०^−१४ राहतो. म्हणून आधी पीओएच = −लॉग [हायड्रॉक्साइड आयन], मग सामू = १४ − पीओएच.

०.८ ग्रॅम कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) ५०० मिलिलिटर द्रावणात आहे. रेणुवस्तुमान ४०, म्हणून ०.८ ÷ ४० = ०.०२ मोल, अर्ध्या लिटरात, म्हणजे ०.०४ मोलर. पीओएच = २ − ०.६० = १.४०, सामू १२.६०. परीक्षेत १.४० लिहून थांबणारी मुलं दर बॅचला भेटतात. अल्काचं उत्तर सातच्या खाली आलं की पेन थांबलीच पाहिजे.

खऱ्या कामात कॉस्टिकच्या गोळ्यांवर फार विश्वास ठेवू नका. जुलैच्या दमट दिवसात बरणी उघडी राहिली तर वजनकाट्यावर ठेवलेली गोळी तुमच्या डोळ्यांदेखत चकाकायला लागते, मग तिच्याखाली ओलं वर्तुळ उमटतं. ती हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढते. वजन ०.८ ग्रॅम दाखवतंय, पण त्यात कॉस्टिक तेवढा नाही. म्हणून असं द्रावण आधी करून नंतर ज्ञात आम्लाशी अनुमापन करून, म्हणजे थेंबाथेंबाने जुळवून, त्याची खरी संहती ठरवतात.

पानठेल्यावरचा चुना हे माझं आवडतं उदाहरण आहे, कारण तो सगळ्यांच्या ओळखीचा आणि हिशोबाच्या मर्यादा दाखवायला नेमका. विझवलेला चुना पाण्यात फार थोडा विरघळतो, २५ अंशांच्या आसपास लिटरला साधारण १.६ ग्रॅम. रेणुवस्तुमान ७४, म्हणजे ०.०२१६ मोलर. एका रेणूमागे दोन हायड्रॉक्साइड, म्हणून ०.०४३२. पीओएच १.३६, सामू १२.६४. आता चांगल्या मीटरने संपृक्त चुनानिवळी मोजा: २५ अंशांना १२.४५ येतो. हिशोब चुकला नाही. दोन भार असलेला कॅल्शियम आयन हायड्रॉक्साइडना जवळ ओढून ठेवतो, त्यामुळे मोकळेपणाने वागणारे आयन मोजलेल्यापेक्षा कमी भरतात. ०.०१ मोलरच्या वर गेलात की असा थोडा फरक धरूनच चालायचं. आणि चुन्याचं प्रमाण वाढवून सामू वाढत नाही. जास्तीचा चुना तळाशी बसून राहतो.

सौम्य आम्लं: इथे जरा बसा

व्हिनेगरच्या बाटलीत ४ टक्के असेटिक आम्ल आहे असं धरू. लिटरला ४० ग्रॅम, रेणुवस्तुमान ६०, म्हणजे ०.६७ मोलर. हे तीव्र आम्ल असतं तर सामू ०.१७ आला असता आणि सॅलडवर कुणी ओतलं नसतं. असेटिक आम्लाचे रेणू मात्र बहुतेक अखंडच राहतात. किती फुटतात ते त्याचा विचरण स्थिरांक सांगतो. आपण त्याला केए म्हणू: २५ अंशांना १.८ × १०^−५.

समजा क्ष इतकं आम्ल फुटलं. मग हायड्रोजन आयन क्ष, असेटेट आयन क्ष, आणि अखंड आम्ल ०.६७ − क्ष.

केए = क्ष × क्ष ÷ (०.६७ − क्ष)

क्ष फार लहान असणार असं गृहीत धरून खालचा क्ष सोडून दिला, तर क्ष = वर्गमूळ (केए × संहती) = वर्गमूळ (१.२ × १०^−५) = ३.५ × १०^−३. सामू २.४६. आता मागे वळून गृहीतक तपासा: ०.००३५ भागिले ०.६७, अर्ध्या टक्क्याच्या आसपास. सोडून दिलं ते योग्यच होतं.

मागे वळून तपासणं ही माझी दुसरी सक्ती, आणि ती मी कुणालाही माफ करत नाही. फुटलेला भाग ५ टक्क्यांच्या आत असेल तर वर्गमूळ चालतं. तेच असेटिक आम्ल १०^−४ मोलर इतकं विरल करा. वर्गमूळाने क्ष = ४.२ × १०^−५ येतं, म्हणजे ४२ टक्के फुटलं! मग खालचा क्ष सोडून देण्याला काही आधारच राहिला नाही. वर्गसमीकरण सोडवा: क्ष = ३.४ × १०^−५, सामू ४.४६. वर्गमूळाने ४.३७ आला असता. विरल करत गेलं की सौम्य आम्ल जास्त जास्त फुटतं, पण त्याची संहती त्याहून वेगाने पडते, म्हणून सामू वाढतोच.

अमोनियासारख्या सौम्य अल्काला हेच सगळं हायड्रॉक्साइडच्या बाजूने करायचं. त्याचा स्थिरांक योगायोगाने तोच, १.८ × १०^−५. ०.१ मोलर अमोनियाचा पीओएच २.८७, सामू ११.१३.

आता संत्रं. नागपुरात राहून त्याच्या रसाचा सामू काढून पाहिला नाही तर काय उपयोग! रसातलं मुख्य आम्ल सायट्रिक. समजा लिटरला ७ ग्रॅम आहे. रेणुवस्तुमान १९२, म्हणजे ०.०३६५ मोलर. त्याला तीन हायड्रोजन आहेत, पण पहिल्याचा केए ७.४ × १०^−४ आणि दुसऱ्याचा १.७ × १०^−५, म्हणजे चाळीसपटीने कमी. पहिल्या टप्प्यातून आलेल्या आयनांच्या गर्दीत दुसरा टप्पा दबून जातो, म्हणून पहिलाच मोजला तरी पुरतं. वर्गमूळाने १४ टक्के फुटलेलं दिसतं, म्हणून इथेही वर्गसमीकरण. क्ष = ४.८ × १०^−३, सामू २.३२.

माझ्या बॅचने एकदा खरंच रस काढून, गाळून, सामूच्या रंगपट्टीने सामू पाहिला. साडेतीनच्या आसपास. एका मुलीने लगेच हिशोब परत तपासायला घेतला. मी तिला थांबवलं, कारण तिचा हिशोब सायट्रिक आम्लाच्या पाण्यासाठी अगदी अचूक होता. संत्र्याचा रस म्हणजे सायट्रिक आम्लाचं पाणी नाही. त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि त्याच्या जोडीने सायट्रेट आयनही. आधीच हजर असलेले हे सायट्रेट आयन सुटलेले हायड्रोजन आयन परत उचलून घेतात. सौम्य आम्ल आणि त्याचाच आयन एकत्र असले की बफर तयार होतो. त्याचं सूत्र वेगळं:

सामू = पीकेए + लॉग ([आम्लाचा आयन] ÷ [अखंड आम्ल])

पीकेए म्हणजे −लॉग केए. सायट्रिक आम्लाचा पहिला पीकेए ३.१३. सामू ३.५० असेल तर लॉगची किंमत ०.३७, गुणोत्तर २.३. म्हणजे रसात एका अखंड रेणूमागे दोनाहून थोडे जास्त आयन आहेत. केवळ आम्ल पाण्यात टाकलं असतं तर हेच गुणोत्तर जेमतेम ०.१५ असतं. जिभेला संत्रं लिंबाइतकं झोंबत नाही, त्यामागे साखरेबरोबर हाही हात आहे.

पाण्याचा स्वतःचा वाटा, आणि आपला मे महिना

सुरुवातीच्या गणिताकडे येऊ. १०^−८ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल. बीकरमध्ये आम्लाखेरीज पाणीही आहे, आणि शुद्ध पाणी स्वतःच २५ अंशांना १०^−७ इतके हायड्रोजन आयन देतं, म्हणजे आम्लाने दिले त्याच्या दहापट. एरवी आपण पाण्याचा वाटा सोडून देतो, कारण आम्लाचे आयन लाखपटीने जास्त असतात. इथे नाहीत. नुसती बेरीज करूनही चालत नाही, कारण आम्ल आल्यावर पाणी थोडं कमी फुटतं. एकूण हायड्रोजन आयन क्ष धरा, मग हायड्रॉक्साइड आयन क्ष − १०^−८:

क्ष × (क्ष − १०^−८) = १०^−१४

क्ष = १.०५ × १०^−७, सामू ६.९८. सातच्या किंचित खाली, जसं असायला हवं तसं. ढोबळ नियम असा की आम्लाची संहती १०^−६ च्या खाली गेली की पाण्याला हिशोबात घ्या.

आणि तो १०^−१४? तो २५ अंशांचा आकडा आहे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि एसी नसलेल्या प्रयोगशाळेत खिडकीजवळच्या बाटल्या त्याच तापमानाला असतात. पाण्याचं विचरण उष्णता घेऊन होतं, म्हणून तापमान वाढलं की पाणी जास्त फुटतं. ४५ अंशांना गुणाकार साधारण ४ × १०^−१४ होतो, म्हणजे १४ च्या जागी १३.४० धरायचे. उदासीन पाण्याचा सामू तेव्हा ७ नसतो, ६.७० असतो. पाणी आम्लधर्मी झालेलं नाही; हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयन समसमानच आहेत, दोन्ही वाढलेत. अल्काच्या हिशोबात फरक आणखी डोळ्यांत भरतो. वरचं ०.०४ मोलर कॉस्टिक घ्या: सामू = १३.४० − १.४० = १२.००. २५ अंशांच्या १२.६० पेक्षा कमी, तेच द्रावण, तीच बाटली.

मीटरवर "स्वयंचलित तापमान दुरुस्ती" लिहिलेलं असतं, त्यामुळे लोकांना वाटतं की मीटर हे सांभाळून घेतो. तो फक्त इलेक्ट्रोडच्या व्होल्टेजचा उतार दुरुस्त करतो. द्रावणाचा सामू खरोखर बदललेला असतो आणि तो बदललेलाच दाखवणं मीटरचं काम आहे. म्हणून नोंदवहीत सामूशेजारी तापमान लिहायचंच. मीटर जुळवताना बफरच्या बाटलीवरचा तापमानाचा तक्ता वाचायचा.

आम्ल आणि अल्क एकत्र

इथे सूत्र पाठ करू नका, मोलांचा जमाखर्च मांडा. ५० मिलिलिटर ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल म्हणजे ५ मिलिमोल. त्यात ०.१ मोलर कॉस्टिक ४० मिलिलिटर टाकलं, ४ मिलिमोल खर्च. उरले १ मिलिमोल, ९० मिलिलिटरात. संहती ०.०११, सामू १.९५. ऐंशी टक्के आम्ल मारूनही सामू दोनपर्यंत पोचला नाही, हे पाहून मुलं चकित होतात.

४९.९ मिलिलिटरवर उरतात ०.०१ मिलिमोल, सुमारे १०० मिलिलिटरात, सामू ४. ५०.१ मिलिलिटरवर कॉस्टिक तेवढंच जास्त, सामू १०. मधलं अंतर ०.२ मिलिलिटर, ब्युरेटचे चार थेंब. म्हणूनच शेवटाला तोटी बोटांनी धरून अर्धा थेंब टोकाला लोंबकळू द्यायचा, फ्लास्कच्या काचेला टेकवायचा आणि धुवून आत घ्यायचा. फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचा फिकट गुलाबी रंग हलवल्यावरही अर्धा मिनिट टिकला की थांबा. गडद गुलाबी झालं म्हणजे तुम्ही पुढे निघून गेलात.

विहिरीचं पाणी आणि फवारणीचा ड्रम

संत्रा बागायतदार विचारतात: विहिरीच्या पाण्याचा सामू ८ आहे, औषध नीट काम करत नाही म्हणतात, किती लिंबूफूल (सायट्रिक आम्ल) टाकू? प्रश्न रास्त आहे. मॅलाथिऑनसारखी काही कीटकनाशकं अल्कधर्मी पाण्यात लवकर विघटित होतात. पण आधी औषधाचं लेबल वाचा, आणि बोर्डो मिश्रणासारख्या तांब्याच्या औषधांच्या पाण्यात आम्ल घालूच नका. जास्तीचं तांबं विरघळून पानं भाजतात.

आता हिशोब. समजा सामू ८ वरून ६.३५ ला आणायचा आहे आणि ड्रम २०० लिटरचा. नुसतं सामूच्या व्याख्येवरून गेलात तर हवेत ४.५ × १०^−७ × २०० = ०.००००९ मोल हायड्रोजन आयन, म्हणजे सुमारे ८ मिलिग्रॅम लिंबूफूल. चिमटीतही येणार नाही इतकं. टाकून पाहा, पट्टीचा रंग हलणारसुद्धा नाही.

कारण पुन्हा तेच: ड्रममध्ये आणखी काय आहे? आपल्याकडच्या विहिरींच्या पाण्यात बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. पाण्याच्या तपासणीच्या रिपोर्टात तो आकडा मिळतो. समजा लिटरला ३०० मिलिग्रॅम आहे. आयनवस्तुमान ६१, म्हणजे ४.९ मिलिमोल. कार्बोनिक आम्लाचा पहिला पीकेए ६.३५ आहे, आणि बफरच्या सूत्रानुसार सामू पीकेएइतका होतो तेव्हा दोन्ही रूपं निम्मी निम्मी असतात. म्हणजे निम्मं बायकार्बोनेट आम्लाने मारावं लागेल: लिटरला २.४५ मिलिमोल, ड्रमला ०.४९ मोल. या सामूला सायट्रिक आम्लाचा एक रेणू आपले पहिले दोन हायड्रोजन पूर्ण आणि तिसरा जवळपास निम्मा देतो, मिळून अंदाजे अडीच. ०.४९ ÷ २.५ = ०.२ मोल. बाजारातल्या स्फटिकांत एक पाण्याचा रेणू असतो, रेणुवस्तुमान २१०, म्हणून ४२ ग्रॅम. आठ मिलिग्रॅम कुठे आणि ४२ ग्रॅम कुठे.

हा आकडा ड्रममध्ये थेट ओतू नका. प्रत्येक विहिरीचं पाणी वेगळं, आणि ढवळताना कार्बन डायऑक्साइड उडून जातो तसा सामू परत चढतो. त्यापेक्षा २१ ग्रॅम लिंबूफूल एक लिटर पाण्यात विरघळवा. दहा लिटर विहिरीचं पाणी प्लॅस्टिकच्या बादलीत घ्या. हिशोबाप्रमाणे तिला या द्रावणाचे १०० मिलिलिटर लागायला हवेत. वीस-वीस मिलिलिटर घालत जा, दर वेळी काठीने नीट ढवळा, दोन मिनिटं थांबा, मग पट्टी बुडवून तिचा रंग डब्यावरच्या रंगाशी उजेडात जुळवा. समजा ८० मिलिलिटरवरच हवा तो रंग आला. मग २०० लिटरच्या ड्रमला त्याच्या वीसपट, १.६ लिटर द्रावण, म्हणजे साधारण ३४ ग्रॅम लिंबूफूल. ते आधी पाण्यात मिसळा, पट्टीने पुन्हा बघा आणि त्यानंतरच औषध टाका.